ओट्यामागची टाईल: काही वर्षांत जुनाट दिसू नये म्हणून काय पाहावं

स्वयंपाकघराचं काम काढलं की ओट्याचा दगड आणि कपाटं यांवर भरपूर खल होतो. ओट्यामागची टाईल मात्र शेवटच्या आठवड्यात, दुकानात उभ्या उभ्या ठरते. घाईत घेतलेला हाच निर्णय पुढे बदलायला सगळ्यात अवघड जातो. कपाटांना रंग देता येतो, मुठी बदलता येतात, दिवा नवा लावता येतो. टाईल काढायची म्हणजे छिन्नी-हातोडा, मागचं प्लास्टर सुटणं, ओट्याच्या कडेचा टवका जाण्याची भीती आणि घरभर धूळ.

नुसतं वय झालं म्हणून टाईल जुनाट दिसत नाही. सतराव्या शतकातल्या, नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या, साधारण १३ सेंटिमीटरच्या चौकोनी टाईल्स आजही देखण्या वाटतात. १९०४ साली न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वे स्थानकांत लागलेली ३ × ६ इंची पांढरी टाईल आजही विकली जाते आणि कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही. जिच्याकडे पाहून ‘ही अमुक काळातली’ असं कुणीही सांगू शकतं, ती टाईल खुपते. म्हणून निवड करताना काय घ्यायचं यापेक्षा काय टाळायचं याचाच विचार जास्त करावा लागतो. पुढचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

१. टाईल बघायला जाण्याआधी

टाईल सगळ्यात शेवटी निवडावी, पण कारागीर दारात उभा असताना नव्हे. आधी ओट्याचा दगड, मग कपाटांचा रंग, मग दिवे आणि त्यानंतर टाईल. टाईलमध्ये शेकडो छटा मिळतात, दगडात मोजक्याच. आवडलेल्या टाईलला जुळणारा दगड शोधायला निघालात तर बहुतेक वेळा तडजोड दगडातच करावी लागते.

दुकानात जाताना सोबत ठेवा:

- ओट्याच्या दगडाचा खरा तुकडा. मोबाईलमधल्या फोटोवर छटा ठरवू नका. दगडात मोठ्या शिरा असतील तर शीर दिसेल एवढा मोठा तुकडा घ्या.
- कपाटाच्या शटरचा नमुना.
- भिंतीचं रेखाचित्र. त्यात लांबी, खिडकी, स्विचबोर्ड, नळ आणि चिमणीची जागा मिलिमीटरमध्ये लिहा. ओट्यापासून वरच्या कपाटापर्यंतची उंची दोन टोकांना आणि मध्ये अशी तीन ठिकाणी मोजा. तिन्ही आकडे सहसा सारखे येत नाहीत, आणि तो फरक पुढे कामाला येतो.
- भिंत कशाची आहे त्याची नोंद: सिमेंट प्लास्टर, जिप्सम प्लास्टर, जिप्सम बोर्ड की जुनी टाईल.

भिंतीची नोंद वजनासाठी हवी. अ‍ॅडेसिव्ह धरून जिप्सम प्लास्टरवर दर चौरस मीटरला साधारण २० किलो आणि जिप्सम बोर्डावर ३२ किलो, यापलीकडे भार टाकू नये असा संकेत आहे. ८ मिमी सिरॅमिक टाईल यात बसते. १० मिमी पोर्सेलिन एकटीच २२-२३ किलोंच्या आसपास जाते, म्हणजे जिप्सम प्लास्टरवर ती नकोच. २० मिमी दगड तर ५० किलोंच्या पुढे. टाईल मनात भरल्यावर हे कळलं तर मन वळवणं कठीण जातं, म्हणून आधीच पाहून ठेवा.

२. काळाची मोहर ओळखा

फॅशन आत असताना ती फॅशन आहे हे कळत नाही. मागे वळून पाहिलं की लगेच कळतं. पाश्चात्त्य स्वयंपाकघरांत १९७० च्या दशकात शेवाळी हिरवा आणि मोहरीसारखा पिवळा आला. पुढे मळकट पांढऱ्या चौकोनी टाईल्सच्या मधूनच फळांची टोपली, किटली किंवा द्राक्षांचा घोस छापलेली ‘हायलायटर’ टाईल डोकावू लागली. नव्वदीत कडा घासून बोथट केलेला ट्रॅव्हर्टाईन दगड तिरका बसवायची लाट आली. २००० नंतर काच, दगड आणि धातू यांच्या अरुंद पट्ट्यांचं मोझेक आलं. २०१० च्या दशकात कंदिलाच्या आकाराच्या टाईल्स, पांढऱ्या टाईलला काळा सांधा (दोन टाईल्समधली भरलेली फट), छापील नक्षीच्या ‘मोरोक्कन’ टाईल्स आणि सगळीकडे करडा रंग.

या सगळ्यांत काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. एकाच भिंतीवर दोन-तीन साहित्यं एकत्र येतात. मधूनच जाणारी आडवी पट्टी किंवा सुटी नक्षीदार टाईल असते. टाईल आणि सांध्यात टोकाचा रंगफरक असतो. आणि एका वस्तूने दुसरीचं सोंग घेतलेलं असतं: टाईलवर छापलेलं लाकूड, छापलेली वीट, छापलेली हाताची नक्षी. सोंग लवकर जुनं होतं याचं कारण तांत्रिक आहे. छपाई दर काही वर्षांनी सुधारते आणि आधीच्या पिढीचं सोंग उघडं पडतं. खरा दगड कशाचंच सोंग घेत नाही, म्हणून त्याच्या बाबतीत असं होत नाही.

आवडलेली टाईल तपासायला तीन प्रश्न पुरतात. गेल्या दोन वर्षांत ही टाईल प्रत्येक शोरूमच्या दर्शनी भागात दिसते आहे का? तिचं नाव घेतलं की टाईलऐवजी एखाद्या ‘लूक’चं नाव तोंडात येतं का? कपाटांचा रंग उद्या बदलला तर ती निराधार होईल का? दोन प्रश्नांना ‘हो’ उत्तर आलं तर थांबा.

आणखी एक सोपी चाचणी. टाईल, दगड आणि शटर शेजारी ठेवून मोबाईलवर कृष्णधवल फोटो काढा. रंग गेला की फक्त गडद-फिका फरक उरतो. त्या फोटोत नजर सर्वांत आधी टाईलवर जात असेल तर ती भिंत पुढची अनेक वर्षं तुमच्याशी मोठ्याने बोलणार.

३. चौघांतल्या एकालाच बोलू द्या

टाईलच्या भिंतीत चार गोष्टी लक्ष वेधतात: रंग, आकार आणि मांडणी, पृष्ठभागाचा पोत, आणि सांधा. यांतली एकच ठळक ठेवा, बाकीच्या तीन गप्प बसवा. सगळ्या मार्गदर्शनात एवढंच लक्षात राहिलं तरी बहुतेक चुका टळतात.

हाताने बनवल्यासारखी वर-खाली पृष्ठभागाची टाईल आवडली? मग रंग पांढरा, साय किंवा फिका राखाडी, आकार साधा चौकोन किंवा आयत, सांधा टाईलच्याच रंगाचा. हेरिंगबोन (माशाच्या काट्यासारखी तिरकी) मांडणी हवी असेल तर टाईल एकरंगी, सपाट, आणि सांधा पुन्हा त्याच छटेचा. गडद हिरवा किंवा निळा रंग हवा असेल तर तो खुशाल घ्या, पण आकार आणि मांडणी अगदी साधी ठेवा. गडद रंग म्हणजे जुनाट, असं मुळीच नाही. गडद रंगाची षटकोनी टाईल पांढऱ्या सांध्यात बसवली की मात्र तिची तारीख लागते.

ओट्याच्या दगडात मोठ्या शिरा असतील तर बोलण्याचा मान दगडाने आधीच घेतलेला आहे. तिथे टाईलच्या चारही गोष्टी शांत हव्यात. शिरांच्या दगडामागे शिरांचीच छपाई असलेली टाईल हा नेहमीचा सापळा आहे. शिरा एका ओळीत जुळत नाहीत, आणि छपाई किती खरी नाही ते खऱ्या दगडाशेजारी लगेच दिसतं.

मांडणीचं थोडं. विटांसारखी अर्ध्यावर सरकवलेली मांडणी सगळ्यात जुनी आणि सगळ्यात क्षमाशील. कापणीतले मिलिमीटरभराचे फरक ती लपवते. सरळ एकावर एक रचलेली मांडणीही टिकाऊ आहे, पण तिथे प्रत्येक उभी रेघ दिसते, म्हणून टाईलचं माप आणि कारागिराचा हात दोन्ही चोख हवेत. लांब टाईल अर्ध्यावर सरकवू नये: ज्या टाईलची एक बाजू ३८ सेंटिमीटरहून मोठी आहे ती भाजताना मध्यभागी किंचित फुगलेली असते. अर्ध्यावर सरकवली की एकीचा फुगवटा शेजारणीच्या कडेशी येतो आणि पायरी पडते. अशा टाईलला जास्तीत जास्त एक-तृतीयांश सरकवा.

पांढरा रंग निवडणं वाटतं तितकं सोपं नाही. पांढऱ्यात निळसर, पिवळसर, गुलाबीसर अशा झाका असतात आणि एकटा नमुना पाहून त्या कळत नाहीत. शुभ्र टाईल साय-रंगाच्या दगडामागे लावली की दगड मळलेला वाटतो. किमान चार पांढरे नमुने दगडाशेजारी ओळीने ठेवा, झाक आपोआप दिसेल.

४. साहित्य

ग्लेझ (भाजून चढवलेला काचेसारखा थर) असलेली सिरॅमिक टाईल. भिंतीसाठी सर्वांत सरळ पर्याय. वजनाने हलकी, कापायला सोपी, ग्लेझवर डाग बसत नाही. विक्रेते पोर्सेलिनचं पाणी शोषण ०.५ टक्क्यांहून कमी आणि सिरॅमिक वॉल टाईलचं १० टक्क्यांहून जास्त हा आकडा पुढे करतात. आकडा खरा आहे, पण तो जमिनीसाठी आणि उघड्यावरच्या कामासाठी महत्त्वाचा. ओट्यामागे पाणी ग्लेझवर पडतं, टाईलच्या पोटात नाही. तेवढ्यासाठी जादा पैसे मोजू नका.

काही ग्लेझमध्ये मुद्दाम केसासारख्या भेगांचं जाळं ठेवलेलं असतं. ते सुंदर दिसतं, पण सीलर (छिद्रं बुजवणारा द्रव) लावला नाही तर तेल त्या भेगांत शिरतं आणि शेगडीमागचा भाग हळूहळू तपकिरी होतो. सीलर ग्राउट (सांध्यात भरायचा मसाला) भरण्याच्या आधी लावायचा असतो, नाहीतर ग्राउटचा रंगच आत बसतो.

पोर्सेलिन. कठीण, दाट, मोठ्या आकारांत मिळते. संगमरवरी छपाईची घेणार असाल तर एकच प्रश्न विचारा: या डिझाईनचे वेगवेगळे छाप किती? चारच असतील तर तीन चौरस मीटरच्या भिंतीवर तीच शीर पुन्हा पुन्हा दिसेल. पेटीतल्या सगळ्या टाईल्स दुकानातच जमिनीवर पसरून पाहा.

संगमरवर आणि चुनखडीचे इतर दगड. हे मुळात कॅल्शियम कार्बोनेट. लिंबाचा रस, व्हिनेगर किंवा आम्ल असलेला क्लीनर लागला की पॉलिश मरतं आणि निस्तेज ठिपका उरतो. सीलर डाग थांबवतो, हा परिणाम थांबवत नाही, हे विकताना क्वचितच सांगितलं जातं. पॉलिशऐवजी होन केलेला (घासून गुळगुळीत, पण चमक नसलेला) पृष्ठभाग घेतला तर ठिपके कमी उठून दिसतात. दगड म्हणून तो कधी जुनाट वाटणार नाही, पण ठिपक्यांशी तुमचं जमणार आहे का ते आधी ठरवा.

सिमेंट टाईल. भाजलेली नसते, दाबून बनवतात, म्हणून सच्छिद्र असते. आम्ल आणि तेल दोन्हींना कच्ची. शेगडीमागे टाळा.

हाताने कापलेली झेलिज. मोरोक्कोची ही मातीची टाईल साधारण १० सेंटिमीटर चौकोनी असते. जाडी, छटा, कडा कशाचंच माप सारखं नसतं. ती जवळजवळ एकमेकींना चिकटवून, नाममात्र सांध्यात बसवतात. कडांचे टवके आणि ग्लेझमधली भोकं हा तिचा स्वभाव आहे. पुसायला फडकं अडकतं आणि पातळी सरळ येत नाही. सरळ रेषांची आवड असलेल्याने हिच्या वाटेला जाऊ नये. यंत्राने बनवलेली, थोडीशी उंचसखल ग्लेझची टाईल हा मधला मार्ग. ती कुठल्याही कारागिराला जमते.

काचेची टाईल. आरपार दिसते, म्हणून पांढरंच अ‍ॅडेसिव्ह लागतं आणि मागे थापीच्या खाचांचे पट्टे राहिले तर ते कायम दिसतात. गॅसच्या शेगडीमागे लावायची असेल तर उष्णतेसाठी योग्य असल्याचं उत्पादकाच्या माहितीपत्रकात लिहिलेलं हवं.

मागून रंग दिलेली अखंड काच. सांधाच नाही, त्यामुळे साफसफाई सोपी. शेगडीमागे टफन्ड (तापवून मजबूत केलेली) काचच घ्यावी. दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. साध्या काचेत हिरवी झाक असते, त्यामुळे पांढरा रंग पोपटी दिसतो; फिक्या रंगासाठी कमी लोहाची काच मागा. आणि टफन्ड काच नंतर कापता किंवा भोक पाडता येत नाही. स्विचबोर्ड आणि नळांची भोकं आधी पाडून मग काच टफन होते, म्हणून ओटा व कपाटं बसल्यावरच माप घ्यायचं.

चिकटवायचे स्टिकर आणि प्लॅस्टिकचे पत्रे भाड्याच्या घरात ठीक. शेगडीमागे नकोत.

५. आकार भिंतीच्या मापात बसवून पाहा

भिंतीच्या शेवटी उरलेली चिंधीसारखी पट्टी ही काम स्वस्तात उरकल्याची सर्वांत ठळक खूण असते. टाईल कितीही भारी असली तरी ती डोळ्यांत येते. टाळायला फक्त बेरीज-वजाबाकी लागते.

ओटा आणि वरचं कपाट यांत ४५० मिमी अंतर आहे, टाईल २०० मिमी उंच, सांधा २ मिमी, खाली सिलिकॉनसाठी ३ मिमी. दोन ओळींचे ४०४ आणि खालचे ३ मिळून ४०७. वर ४३ मिमीची पट्टी उरली. हा आकार बाद. त्याच अंतरात १५० मिमीची टाईल आडवी बसवली तर दोन ओळींचे ३०४ आणि ३ मिळून ३०७, उरले १४३. म्हणजे जवळपास पूर्ण तिसरी ओळ. ६०० मिमी अंतर आणि ७५ मिमीची टाईल असेल तर सात ओळींचे ५३९ आणि ३, उरले ५८. चालेल.

नियम असा: कापलेला तुकडा मूळ टाईलच्या निम्म्याहून लहान नसावा, आणि तो वर, कपाटाच्या खाली, सावलीत जावा. ओट्यालगत पूर्ण टाईल. वरच्या कपाटापर्यंतची तीन मापं वेगळी आली असतील तर तो फरकही त्याच कापलेल्या ओळीत जिरतो. ओटा स्वतःच ढळला असेल तर मात्र पहिली ओळ लेव्हलने लावून खालची कड ओट्याप्रमाणे छाटावी लागते.

आडवी मांडणी मोजताना मध्य कुठला धरायचा ते ठरवा. चिमणी भिंतीच्या मधोमध नसते, पण नजर तिथेच जाते. म्हणून शेगडीच्या मध्यापासून दोन्हीकडे मोजा. कोपऱ्यात पट्टी उरत असेल तर मध्यावर टाईलऐवजी सांधा आणा. दोन्हीकडचे तुकडे अर्ध्या टाईलने वाढतात.

६. नमुने घरी, उभे, दिव्याखाली

दुकानातला फलक जोरदार प्रकाशात असतो आणि टाईल आडवी किंवा तिरकी ठेवलेली असते. घरी ती उभी असणार. एक नमुना पुरत नाही. किमान सहा टाईल्स आणा, पुठ्ठ्यावर दुहेरी टेपने लावा आणि ओट्यावर भिंतीला टेकवून दोन दिवस ठेवा. सकाळी, दुपारी, रात्री पाहा.

कपाटाखालच्या एलईडी पट्टीचा प्रकाश भिंतीवरून घासत खाली येतो. चकचकीत टाईलमध्ये पट्टीचा एकेक ठिपका दिसतो आणि टाईलची जराशी वर-खाली झालेली कड सावली टाकते. पट्टी कपाटाच्या पुढच्या कडेला आणि दुधी आवरणात बसवली तर दोन्ही त्रास कमी होतात. दिवा २७०० ते ३००० केल्विनचा (केल्विन हे प्रकाशाच्या रंगछटेचं माप) असेल तर पांढरा रंग पिवळसर दिसतो, ४००० च्या पुढे करड्या टाईल्स निळ्या पडतात. सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा निर्देशांक) ९० किंवा त्याहून जास्त असलेला दिवा रंग बराच खरा दाखवतो. दिवा आधी ठरवा, मग त्याखाली टाईल.

मॅट की ग्लॉसी, हा प्रश्नही इथेच सुटतो. नमुन्यावर तेलाचं बोट फिरवा, वाळू द्या, ओल्या फडक्याने पुसा. गडद मॅट पृष्ठभागावर पुसल्याचे ओघळ राहतात, ग्लॉसीवर राहत नाहीत.

७. सांधा

टाईल वर्षानुवर्षं तशीच राहते, रंग बदलतो तो सांधा. म्हणून ‘जुनी झाली’ असं वाटायला लावण्यात सांध्याचा वाटा मोठा असतो.

रुंदी: कडा यंत्राने घासून एकमापी केलेल्या टाईलला १.५ ते २ मिमी, साध्या टाईलला २ ते ३, हातबनावटीच्या टाईलला तिच्या मापांतल्या फरकानुसार. ३ मिमीपर्यंत वाळू नसलेला ग्राउट, त्यापुढे वाळूचा. चकचकीत काच किंवा संगमरवरावर वाळूच्या ग्राउटने ओरखडे उठतात.

रंग: टाईलपेक्षा अर्धी-एक छटा गडद. शुभ्र पांढरा सांधा शेगडीमागे पिवळा पडतो. काळा सांधा पांढऱ्या टाईलभोवती जाळी काढतो आणि कापणीतला प्रत्येक दोष अधोरेखित करतो. फिका उबदार करडा बहुतेक पांढऱ्या टाईल्सना चालतो. सिमेंटचा ग्राउट वाळल्यावर फिका होतो, त्यामुळे दुकानातल्या पट्टीवर विसंबू नका. दोन टाईल्समध्ये थोडा भरून एक दिवस वाळवा आणि मग ठरवा.

प्रकार: शेगडी आणि सिंकमागे इपॉक्सी ग्राउट. तो तेल शोषत नाही आणि त्याला सीलर लागत नाही. तोटा एवढाच की टाईलवर सांडलेला थर लगेच, पाकिटावर दिलेल्या वेळेत पुसावा लागतो; एकदा घट्ट झाला की चिकट धूसर पापुद्रा राहतो. सवय नसलेल्या कारागिराला आधी लहान भागावर करायला सांगा. सिमेंटचा ग्राउट वापरलात तर पाणी मोजून घाला. जास्त पाण्याने तो भुसभुशीत होतो आणि रंगाचे डाग पडतात.

८. टाईल कुठे संपते

टाईल ओट्याच्या टोकाशी संपवायची की वरच्या कपाटाच्या टोकाशी, हे दोन्ही एका उभ्या रेषेत नसतील तर आधी ठरवा. ओट्याच्या टोकाची रेषा बहुतेक वेळा बरी दिसते. खिडकी असेल तर टाईल तिच्या चौकटीपर्यंत न्या. मध्येच चार बोटं सोडून थांबवू नका. शेगडीमागे चिमणीच्या खालपर्यंत पूर्ण उंची घ्या.

ओट्याच्या दगडाचीच १०० मिमी उंच पट्टी भिंतीला लावून तिच्या वर टाईल सुरू करण्याची पद्धत अजून चालते. भिंत दोन तुकड्यांत मोडते आणि एक जादा सांधा मळ धरतो. दगड न्यायचा तर पूर्ण उंचीपर्यंत न्या, नाहीतर ओट्यापासूनच टाईल लावा.

उघड्या कडेला काय येणार ते टाईल मागवतानाच विचारा. त्या मालिकेत गोल कडेचा तुकडा मिळत असेल तर तो उत्तम. नसेल तर टाईलच्या जाडीची अरुंद धातूची पट्टी, शक्यतो नळाच्या रंगाची. टाईलची ग्लेझ नसलेली, मातकट कड उघडी सोडणं हा कारागिराचा आळस आहे, तो खपवून घेऊ नका.

स्विचबोर्डांची जागा शक्य असेल तर सांध्याच्या ओळीत किंवा टाईलच्या मधोमध आणा. वायरिंग टाईलच्या आधी होतं, म्हणून मांडणीचं रेखाचित्र इलेक्ट्रिशियनच्या हातात आधी पडलं पाहिजे. टाईल बसल्यावर भिंत ११-१२ मिमी पुढे येते, त्यामुळे बोर्डाचे जुने स्क्रू आखूड पडतात. लांब स्क्रू आणून ठेवा.

९. हिशेब आणि खरेदी

समजा ओटा एल आकाराचा, ३ मीटर आणि १.८ मीटर, उंची ०.६ मीटर. ४.८ × ०.६ म्हणजे २.८८ चौरस मीटर. चिमणीखाली जादा ०.९ × ०.९ म्हणजे ०.८१. एकूण ३.६९. सरळ मांडणीला १० टक्के तूट धरून ४.०६, तिरक्या किंवा हेरिंगबोनला १५ टक्के धरून ४.२४. स्विचबोर्डांची जागा वजा करू नका. त्यावर सात-आठ टाईल्स पुढच्या दुरुस्तीसाठी.

८ मिमी जाडीच्या ७५ × १५० टाईलला २ मिमी सांध्यात दर चौरस मीटरला सुमारे अर्धा किलो सिमेंट ग्राउट लागतो, म्हणजे इथे दोन किलो. अ‍ॅडेसिव्ह दर चौरस मीटरला चार ते पाच किलो. २० किलोंची एक पिशवी पुरते.

पेटी ताब्यात घेताना लेबल वाचा. लॉट किंवा बॅच क्रमांक आणि मापाचा कॅलिबर सगळ्या पेट्यांवर एकच हवा. वेगळ्या लॉटच्या टाईल्स शेजारी लावल्यावर छटेतला फरक उघड दिसतो. व्ही१ ते व्ही४ ही खूण टाईल-टाईलमधला छटेचा फरक सांगते: व्ही१ जवळजवळ एकसारखी, व्ही४ खूप वेगवेगळी. व्ही३-व्ही४ घेतली असेल तर बसवताना तीन-चार पेट्या एकत्र मिसळून घ्यायला सांगा, नाहीतर भिंतीवर छटांचे ठिगळ दिसतात.

१०. बसवताना उभं राहून पाहायच्या गोष्टी

लागणारी साधनं: ६ मिमी खाचांची थापी, स्पेसर, लेव्हल, टाईल कटर, ग्राउट भरायचा रबरी फ्लोट, स्पंज, सिलिकॉनची गन.

भिंतीवर दोन मीटरची सरळ पट्टी टेकवा. पट्टीखाली ३ मिमीपेक्षा जास्त फट दिसली तर आधी भिंत सपाट करा. अ‍ॅडेसिव्हचा जाड थर देऊन खड्डा भरू देऊ नका. जुन्या टाईलवर नवी बसवायची असेल तर तेलाचा थर धुवा, ठोकून पोकळ आवाज येणाऱ्या टाईल्स काढा, ग्लेझ खरवडा आणि प्रायमर द्या. अ‍ॅडेसिव्ह सी२ (जास्त पकडीच्या) वर्गाचं हवं. नावापुढचं टी अक्षर ते उभ्या भिंतीवर घसरत नसल्याचं आणि ई ते जास्त वेळ काम करू देत असल्याचं सांगतं.

सुरुवातीची एखादी टाईल बसवल्या बसवल्या उपटून मागे पाहा. अ‍ॅडेसिव्ह सगळीकडे लागलेलं दिसलं पाहिजे. चार कोपऱ्यांत आणि मध्ये गोळे ठेवून चिकटवलेल्या टाईलमागे पोकळी राहते, आणि खिळा किंवा आकडा ठोकताना तीच फुटते.

ग्राउट किमान २४ तासांनी. ओटा आणि भिंत जिथे मिळतात ती रेघ आणि उभे कोपरे यांत ग्राउट भरू देऊ नका. ओटा आणि भिंत वेगवेगळ्या हलतात, ग्राउट तडकतो आणि त्या चिरेतून पाणी दगडामागे जातं. तिथे ग्राउटच्या रंगाचं, बुरशीरोधक सिलिकॉन लागतं. कारागीर निघून जायच्या आधी ती रेघ नखाने दाबून पाहा. कडक लागली तर ग्राउट भरला आहे, तो खरवडून सिलिकॉन भरून घ्या.

उरलेल्या टाईल्स, पेटीवरचं लेबल आणि ग्राउटचा रंगक्रमांक एकत्र बांधून ठेवा. सिलिकॉन काही वर्षांनी काळवंडेल. तेव्हा जुन्यावर नवा थर न देता पूर्ण कापून काढा, जागा कोरडी करा आणि मग नवीन भरा. जुन्या सिलिकॉनवर नवं चिकटत नाही.